आठ दिवस माझ्याकडे द्या

हॉस्पिटलच्या तळघरात लॉन्ड्री होती, आणि लॉन्ड्रीच्या शेवटच्या कोपऱ्यात, जिथे उन्हाळा कधी संपायचाच नाही, तिथे इस्त्रीबाई उभी असायची. तिला खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. एरवी सगळं तळघर तिला इस्त्रीबाईच म्हणायचं. कामामुळे म्हणायचं हे तर झालंच, पण त्याहून जास्त जिभेमुळे. तिचा एक शब्द लागला की माणूस दिवसभर फुंकर घालत हिंडायचा.

काम दोघींचं होतं. तापलेल्या मोठ्या रोलरच्या अलीकडे इस्त्रीबाई ओलसर चादरीची दोन टोकं धरून ती आत सोडायची. पलीकडे मावशी ती कडकडीत सपाट झालेली चादर झेलून घडी घालायची. मावशी म्हणजे दात कमी आणि चौकशा जास्त अशी बाई. मशीनच्या घरघराटात दोघींना ओरडून बोलावं लागे, त्यामुळे त्यांची गुपितं अख्ख्या तळघराला पाठ होती.

इस्त्रीबाईला कुणालाही माफ करता येत नव्हतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिने एकदा डूख धरला की धरला. शाळेच्या दारात ‘असल्या मुलांसाठी वेगळी सोय असते हो’ म्हणणारी बाई, बसमध्ये आपल्या मुलीला उचलून मागच्या सीटवर नेणारा बाप, घरी जरा आवाज झाला की भिंतीवर चमचा आपटणारी शेजारीण, सगळे तिच्या डोक्यात रांगेत उभे असत. चादर आत सोडताना ती एकेकाला आत सोडायची.

“आज कोण?” पलीकडून मावशी ओरडायची.

“बसमधला!”

रोलर फुस्स करून वाफ सोडायचा. मावशी चादर झेलून म्हणायची, “झाला बघ सपाट. उद्या कोण?”

हे सगळं ज्याच्यापायी, तो साहेब. तिचा एकुलता एक मुलगा. मिसरूड फुटायला आलेलं, उंची आईच्या कानाला लागलेली, पण शब्द चार-पाचच, आणि तेही त्याच्या मर्जीने. तो लहान असतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, याची वाढ वेगळ्या वाटेने चाललीय, हा बरा व्हायचा आजार नाही, हा असाच असणार. साहेब हे नाव त्याला लॉन्ड्रीत मिळालं. एकदा त्याला सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून ती त्याला कामावर घेऊन आली. तो हात मागे बांधून सगळ्या मशिनींसमोरून फिरला, एका ड्रायरचं उघडं राहिलेलं दार खाडकन लावलं आणि कुणाकडे न बघता खुर्चीवर जाऊन बसला. “अगं बाई, साहेब राउंडला आलेत,” मावशी म्हणाली, आणि ते नाव घरापर्यंत गेलं.

साहेबाचे नियम होते. मिक्सर, पंप, पंखा, कुठलंही यंत्र लावायच्या आधी त्याला सांगायचं. ‘लावते हं’ एवढंच. मग तो जाऊन भिंतीला तळवा टेकवायचा आणि तयार व्हायचा. न सांगता लावलं तर त्याच्या अंगात वीज शिरल्यासारखं व्हायचं. जेवताना त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. नजर पडली की घास गिळणं बंद. म्हणून त्यांच्या घरात सगळे एकमेकांकडे पाठ करून जेवत. आणि झोपायला त्याला अंगावर वजन लागायचं. हॉस्पिटलने रद्द केलेल्या चादरी थरावर थर घालून इस्त्रीबाईने त्याच्यासाठी एक पांघरूण शिवलं होतं, ओल्या गाठोड्याइतकं जड. दुसऱ्या कुणावर घातलं तर जीव घाबरेल. साहेब त्याखाली शिरला की पाच मिनिटांत घोरायचा.

एकेक नियम तिने ओरबाडे खाऊन शिकून घेतला होता. नवरा गॅरेजमध्ये बसगाड्या दुरुस्त करायचा. भला माणूस. इतका भला की भांडायलाही उपयोगाचा नाही. घरी आला की तो हात धुवायचा आणि मग जणू कानही धुऊन ठेवायचा. त्याला काही ऐकू जायचं नाही.

हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसत. त्यांच्या वॉर्डातल्या चादरींना हिरवी पट्टी असायची. तिथली नर्स एकदा चादरी मोजून द्यायला खाली आली आणि इस्त्रीबाईकडे बघत राहिली.

“बाई, तुमचे हात कापतात. एकदा वर येऊन जा ना. नुसतं बोलायला.”

“तुमच्या चादरी येतात तेवढं पुरे,” इस्त्रीबाई म्हणाली. “मी वर येऊन बोलत बसले तर त्याला कोण बघणार, तुम्ही?”

नर्स गेली. त्या दिवशी रोलरमध्ये ती नर्सही गेली, बिचारी, काही कारण नसताना.

पण रांगेत सगळ्यात पुढे, कायमचा नंबर लावून, उभी होती ती ताई.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिला आणि दोन भावांना ताईनेच वाढवलं. त्या वाढवण्याचा हिशेब ताई कधी मागत नसे, फक्त विसरू देत नसे. चौकात तिचं काचसामानाचं दुकान होतं आणि दुकानावर दुसऱ्या मजल्यावर घर. नवरा वारलेला, मुलं लांब. तिच्या दुकानात लोकांची पोरं आपणहून हात खिशात घालून शिरत. घरातही तसंच, सगळं चकाचक, सगळं जागच्या जागी. सल्लाही जागच्या जागी तयार. साहेबाला बोलता येत नाही, तर ‘तू त्याच्याशी बोलतच नसशील.’ साहेब जेवत नाही, तर ‘भूक लागेपर्यंत देऊच नकोस.’ साहेब किंचाळला, तर ‘एकदा मोठ्याने दम भर, बघ.’ आणि सगळ्याच्या शेवटी, दर वेळी, जेवणानंतरच्या ढेकरासारखं तेच एक वाक्य: “आठ दिवस माझ्याकडे द्या, सरळ करून देते.”

ताईने दुकान मोठं केलं म्हणून घरी जेवण ठेवलं होतं. दोघे भाऊ, भावजया, त्यांची मुलं, सगळी आली. इस्त्रीबाईने साहेबाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, ताट मांडीवर दिलं होतं. तो जेवतही होता. एवढ्यात स्वयंपाकघरात ताईने न सांगता मिक्सर लावला.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. खुर्ची उलटली, ताट उडालं, आणि इस्त्रीबाई त्याला कवेत घेऊन जमिनीवर बसली तेव्हा त्याचं डोकं तिच्या भुवईवर आपटून रक्त आलं. मिक्सर थांबला. ताई हात पुसत बाहेर आली आणि सगळ्यांसमोर, अगदी मायेने म्हणाली:

“पोरगं वाईट नाही गं. आईचा हात ढिला आहे. तुम्हा तिघांना नाही वाढवलं मी? आठ दिवस माझ्याकडे द्या, सरळ करून देते.”

“ताईकडे दिला तर कपबश्या पुसून ठेवेल,” धाकटा भाऊ म्हणाला. सगळे हसले. वाईट हसले नाहीत. ताण हलका करायला माणसं हसतात तसे हसले. पण हसले.

भुवईवरचं रक्त डोळ्यात येत होतं. इस्त्रीबाईने ते बाहीने पुसलं आणि वर बघितलं.

“ने.”

“काय?”

“ने म्हटलं. आठ दिवस. रविवारी आणून सोडते.”

हसणं थांबलं. ताईने एकदा भावांकडे बघितलं, एकदा भावजयांकडे. तिला ‘नाही’ म्हणायला जागाच उरली नव्हती. “आण की,” ती म्हणाली, पण चष्मा सारखा करायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

रविवारी बॅग भरताना इस्त्रीबाई चक्क गुणगुणत होती. कपडे, टॉवेल, दात घासायचा ब्रश. जड पांघरूण घडी घालून तिने बॅगेत कोंबलं. मग थोडा वेळ बॅगेकडे बघत उभी राहिली आणि ते बाहेर काढून कपाटात ठेवून दिलं.

“ताईला सगळं सांगितलंस ना?” नवऱ्याने विचारलं. “जेवणाचं, मिक्सरचं?”

“तिने विचारलं का?”

“अगं, पण…”

“मला कुणी सांगितलं होतं? मी शिकले ना मार खाऊन? ती तर माझ्यापेक्षा हुशार. आठ दिवसांत शिकेल.”

ताईच्या दारात तिने साहेबाच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, “येते हं,” आणि मागे वळून न बघता जिना उतरली. घरी आल्यावर नवऱ्याने कपाट उघडलं.

“हे राहिलंच की इथे.”

“हो.”

“राहिलं, की ठेवलंस?”

तिने बेसिनचा नळ पूर्ण सोडला आणि भांडी घासायला घेतली.

तिला काय हवं होतं ते तिला पक्कं माहीत होतं. काचा फुटल्या तर फुटू देत, ताईची झोप उडाली तर उडू दे, पण हे सगळं वरवरचं. तिला ताईच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: चूक तुझी नव्हती. ते सगळ्यांसमोर हवं होतं, त्याच खोलीत, त्याच भावांपुढे. त्या वाक्यासाठी ती आपलं पोर डावावर लावून आली होती.

पहिल्या संध्याकाळी फोन वाजला नाही. मेसेज आला. ‘सगळं ठीक. जेवला. झोपला.’

“पहिला दिवस आहे,” दुसऱ्या दिवशी ती मावशीला ओरडून म्हणाली. “नवी जागा आहे म्हणून गप्प असेल. आज बघ. काचसामानाचं दुकान आहे गं, काचसामानाचं!”

“अगं, पण त्याला लागलं-बिगलं म्हणजे?”

“त्याला नाही लागत. तो दुसऱ्यालाच लावतो.”

दिवसभर तिच्या कानात काचा फुटत होत्या. एकेक पेला, एकेक बशी, ती डोळ्यांपुढे फोडत होती आणि चादरी आत सोडत होती. संध्याकाळी मेसेज आला. ‘ठीक आहे. गुणी आहे. तू उगाच बाऊ करतेस.’

ते शेवटचं वाक्य तिने इतक्या वेळा वाचलं की फोन तापला. नवरा मात्र खूश झाला. “बघ, जमतंय की त्याला,” म्हणाला आणि शीळ घालत दाढी करायला बसला. कित्येक वर्षांत त्याची शीळ ऐकली नव्हती. तिला वस्तरा हिसकावून घ्यावासा वाटला.

तिसऱ्या दिवशी तेच. जेवला, झोपला, गुणी आहे. लॉन्ड्रीत तिच्या हातून चादर वाकडी गेली आणि रोलरमध्ये गुंडाळून बसली. मशीन बंद करावी लागली. सुपरवायझर बडबडला, तिने उलट उत्तरही दिलं नाही. मावशी पलीकडून वाकून बघत होती.

“काय झालं गं तुला? पोरगं चांगलं राहतंय तर तोंड का पाडलंय?”

“मावशी, तो तिच्याकडे झोपतोय.”

“मग?”

“पांघरुणाशिवाय झोपतोय. तिच्यासमोर जेवतोय. मग इतकी वर्षं मी काय करत होते?”

मशीन बंद होती, त्यामुळे ते सगळ्या तळघराला ऐकू गेलं.

दुपारी ती घरी आली. घर इतकं शांत की फ्रिजचा आवाज मोठा वाटत होता. इतकी वर्षं तिने अशाच दुपारचं स्वप्न बघितलं होतं, कुणी हाक मारणार नाही, कुणी ओरबाडणार नाही, हातपाय पसरून पडायचं. ती पडली. डोळा लागेना. बाथरूमचं दार वाजलं की ती अर्धी उठायची, मग आठवायचं, घरी कुणी नाही. शेवटी तिने कपाटातून ते पांघरूण काढलं आणि स्वतःच्या अंगावर ओढलं. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. त्याखाली पडल्या पडल्या तिला वाटलं, ताईचंच खरं असेल. कदाचित किंचाळणं त्याच्यात नव्हतंच, माझ्यात होतं, आणि मीच ते त्याच्यात ओतत आले. मग तिने मनापासून इच्छा केली की त्याने ओरडावं. काहीतरी फोडावं. ताईला चावावं. आपल्याच पोराचं तिने असं वाईट चिंतलं, आणि चिंतल्यावर तिला त्या आठवड्यात पहिल्यांदाच बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला इतकी भीती वाटली की ती पांघरूण फेकून उठून बसली.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी सुट्टी टाकली.

“आठ दिवस कुठे झाले?” मावशी म्हणाली.

“तू बस मोजत.”

ताईच्या दुकानात म्हातारा नोकर गल्ल्यावर एकटाच होता. इस्त्रीबाईने आत पाय ठेवता ठेवता मांडण्यांवर नजर फिरवली. सगळं जागच्या जागी चकाकत होतं.

“काही फुटलं नाही?” तिच्या तोंडून निघूनच गेलं.

“एक नाही फुटला! पहिल्या दिवशी खाली आले होते धाकटे मालक. सगळ्या कपांचे कान एका बाजूला करून गेले. आता गिऱ्हाईकाने कप उचलला की मलाच धास्ती वाटते, वाकडा ठेवला तर?” मग म्हातारा आवाज उतरवून म्हणाला, “पण मालकीणबाई तेव्हापासून खाली आल्या नाहीत. बरं नाही का त्यांना?”

ती दोन-दोन पायऱ्या चढून गेली. बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीत ताईचा एक डोळा दिसला.

“तू? आज? हळू बोल. ठीक आहे सगळं. आत्ताच झोपलाय.”

“दार उघड.”

“अगं, ठीक आहे म्हणतेय ना…”

“ताई, दार उघड, नाहीतर इथून ओरडते.”

साखळी निघाली. ताईने तेच कपडे घातले होते ज्यात तिने रविवारी साहेबाला घरात घेतलं होतं. केस मोकळे, गुंता झालेले, चष्म्याची एक काडी सुताने बांधलेली. मनगटावर दातांचे व्रण निळे पडले होते. घरातले पडदे खाली आले होते आणि जमिनीवर ठिकठिकाणी ताटं होती, अंडं, पाव, भात, सगळं वाळलेलं. आणि आतल्या खोलीत पलंगाची नुसती फळी होती. गादी जमिनीवर आडवी पडलेली, आणि गादीखालून दोन पाय बाहेर आले होते.

“गादीखाली शिरतो,” ताई कुजबुजली. “काढलं की किंचाळतो. तिथे झोपला तर गुदमरेल. मी रात्रभर कडेला बसते, गादी जरा वर धरून. हात भरून येतात गं.”

इस्त्रीबाई त्या पायांकडे बघत राहिली. वजन. पोराने स्वतःच वजन शोधून काढलं होतं. जे आईने मुद्दाम कपाटात ठेवलं, ते त्याने ताईच्या पलंगावरून ओढून घेतलं होतं. पण हे कळल्याचं तिने ताईला दिसू दिलं नाही. इतकी वर्षं वाट बघून ही घडी हाताशी आली होती.

“मग? झाला का सरळ?”

ताईने चष्म्याची बांधलेली काडी कानामागे सरकवली.

“जेवतो ना? झोपतो ना? गुणी आहे ना? लिहून पाठवत होतीस रोज.”

“कालपासून नीट काही खाल्लं नाही त्याने,” ताई म्हणाली. “मी समोर बसते, भरवते, गोंजारते. तोंडच उघडत नाही. मी न्हाणीघरात गेले की काहीतरी थोडं खातो वाटतं. मलाच कळेना, माझं तोंड इतकं वाईट आहे का.”

आता मात्र इस्त्रीबाईला थांबता आलं नाही. पोर उपाशी होतं. तिने स्वयंपाकघरात जाऊन दूध तापवलं, पाव कापले, ताट आत नेऊन गादीशेजारी ठेवलं आणि गादीवर हलकेच थाप मारली. “साहेब, जेवायला.” गादी हलली. मग तिने ताईचा दंड धरून तिला भिंतीकडे वळवून बसवलं आणि स्वतः तिच्या बाजूला बसली. दोघी भिंतीकडे तोंड करून.

“हे काय?”

“बघायचं नाही त्याच्याकडे. बोललीस तरी चालेल. बघू नकोस.”

मागे सळसळ झाली. मग चावण्याचा आवाज सुरू झाला, घाईचा, भुकेला. ताईच्या तोंडातून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं आणि तिने ते गिळलं. समोर पांढरी भिंत होती. भिंतीवर कॅलेंडर काढलेल्या जागी नुसता खिळा. त्या खिळ्याकडे बघत ताई बोलायला लागली.

“काल दुपारी गॅलरीत होतो आम्ही. तो कठड्यावर वाकून खाली बघत होता. वाकला, आणखी वाकला. मी मागे उभी.” तिने दुसऱ्या हाताने मनगटावरचे व्रण झाकले. “मी हात पुढे केला नाही गं. मला वाटलं, गेला तर जाऊ दे. एवढं स्पष्ट वाटलं. मग तो आपला आपण मागे आला, आणि मी आत येऊन बेसिनमध्ये ओकले. तुम्हा तिघांना वाढवलं मी. असलं काही माझ्या मनात कधी…” तिचा आवाज फाटला. “तुला येतं का गं असं मनात? कधी?”

मागे साहेब दूध पीत होता.

“नाही,” इस्त्रीबाई म्हणाली. “मी आई आहे त्याची.”

ताईचे खांदे जे खाली गेले ते खालीच राहिले. रोलरमधून कुठली चादर इतकी सपाट निघाली नव्हती.

आणि ते खोटं होतं. तिच्या मनात ते येत आलं होतं, रस्ता ओलांडताना, हातातला त्याचा हात घामाने निसटायला लागला की. आंघोळीच्या बादलीशी. कधी त्याचं, कधी आपलं, कधी दोघांचं एकदम. खूप पूर्वी डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसलेली असताना, शेजारी असंच मूल घेऊन आलेल्या एका बाईला तिने धीर करून हाच प्रश्न विचारला होता. “छे! असं कसं येईल?” ती बाई म्हणाली होती आणि आपलं मूल जरा जवळ ओढून बसली होती. त्यानंतर इस्त्रीबाईने कुणाला काही विचारलं नाही. नर्सलासुद्धा नाही.

तिने बॅग भरली. ताई भिंतीशीच बसून होती. दाराशी गेल्यावर मागून आवाज आला, एकदम बारीक.

“चूक तुझी नव्हती. मीच वाटेल ते बोलत आले.”

ते वाक्य आलं. मागितलं होतं तेच, शब्दाला शब्द, फक्त भाऊ समोर नव्हते. इस्त्रीबाई क्षणभर थांबली. तिला वाटलं होतं काहीतरी सुटेल, कुठेतरी गार वाटेल. काही झालं नाही. तिने साहेबाला बाहेर घेऊन दार ओढून घेतलं.

जिन्याच्या मधल्या वळणावर साहेब बसला. पायरीवर बसला की तो बसला, ओढून उपयोग नसे. तीही बाजूला बसली. वरून काही आवाज येत नव्हता. ताई रडत असती तर बरं झालं असतं, भांडी आपटत असती तर त्याहून बरं. पण वर काहीच नव्हतं. ती शांतता इस्त्रीबाईला आतून-बाहेरून ठाऊक होती. ‘छे’ ऐकल्यावर माणूस ज्या शांततेत जाऊन बसतं, ती. तिथून बाहेर यायला दार नसतं, हेही तिला ठाऊक होतं, कारण ती अजून तिथेच बसली होती. आता ताईला तिने आपल्याशेजारी आणून बसवलं होतं आणि दोघींच्या मध्ये भिंत घातली होती.

तिला भयंकर राग आला. ताईचा आला, त्या बाकावरच्या बाईचा आला, नर्सचा, नवऱ्याच्या शिळेचा, स्वतःचा. कुणाचा जास्त ते कळेना. ती ताडकन उठली आणि जिन्यातून वर तोंड करून ओरडली.

“ए ताई! येतं! ऐकलंस का? येतं मनात!”

वर काही हललं नाही.

“रोज येतं! खोटं बोलले मी मगाशी! तुला जळवायला बोलले!”

शेजारचं दार उघडलं. खाली दुकानातून म्हातारा नोकर बाहेर आला, त्याच्यामागे हातात बशी घेतलेलं एक गिऱ्हाईक. ताईचं दार उघडलं आणि ती धावत बाहेर आली, अनवाणी, कठड्याला धरून.

“अगं हळू! लोक ऐकतायत!”

“ऐकू देत! तू सगळ्यांसमोर बोललीस ना जेवणाच्या दिवशी? मग मीही सगळ्यांसमोर बोलते! पांघरूण मीच काढून ठेवलं बॅगेतून! त्याशिवाय झोप लागत नाही त्याला! मुद्दाम! तुझे हात भरून यावेत म्हणून!”

साहेबाने कानांवर हात ठेवले. तिने आवाज उतरवला, पण थांबली नाही. दात आवळून बोलत राहिली. “तुला चार दिवसांत आलं मनात, तर ओकलीस. मला कधीपासून येतंय, ते विचारलं का कुणी? तू विचारलंस? आठ दिवस माझ्याकडे द्या, आठ दिवस माझ्याकडे द्या! मी कसे काढते, असं विचारलंस कधी?”

ताई एकेक पायरी उतरत आली. शेजारीण दारात उभी होती, तिच्याकडे ताईने बघितलंसुद्धा नाही. वरच्या पायरीवर ती बसली, गुडघे करकरले.

“कधीपासून?” तिने विचारलं.

इस्त्रीबाईला आणखी शिव्या सुचत होत्या, त्या तोंडाशी आलेल्या होत्या. हा प्रश्न त्यांच्या मध्येच आडवा आला. खाली म्हाताऱ्याने गिऱ्हाईकाला दंडाला धरून दुकानात नेलं.

“तो चालायला लागला तेव्हापासून,” ती म्हणाली. ते तिने ओकल्यासारखंच टाकलं. राग अजून घशात होता आणि शब्द त्याच्यातूनच घासून बाहेर येत होते. “गच्चीच्या घरात आम्ही राहत होतो ना, ते आठवतं?”

“आठवतं.”

“तर ऐक.”